आमच्याकडे ढेकूण नाहीत

आमच्या घरात ढेकूण कुठून आले, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. बायकोच्या मते ते माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतून, माझ्या पँटच्या मागच्या बाजूला बसून आले. माझ्या मते ते तिच्या धाकट्या बहिणीच्या सुटकेसमधून उतरले. मेहुणी आमच्याकडे राहून गेली, आणि जाताना 'माझं काही राहिलं नाही ना?' असं दोनदा विचारून गेली. आता राहिलं होतं की नाही हे तिलाच ठाऊक. या दोन मतांमध्ये समेट होण्याची चिन्हं नाहीत आणि ढेकणांना विचारायची सोय नाही.

सुरुवात बायकोच्या दंडावरच्या पुरळापासून झाली. ओळीनं उठलेल्या लाल गाठी. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी. आधी त्यांनी साबण बदलायला सांगितला, मग आंबट बंद केलं, मग तिखट बंद केलं. तिचं बंद म्हणजे माझंही बंद, कारण आमच्याकडे दोन वेगळे स्वयंपाक होत नाहीत. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "घरात काही मानसिक ताण आहे का?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

असा मी बरेच दिवस पुरळाचं कारण म्हणून घरात वावरत होतो. मग एका सुट्टीच्या सकाळी पांढऱ्या अभ्र्यावरून खरं कारण चालत आलं. पळत नव्हतं, लपत नव्हतं. पोटभर जेवून पान खायला निघालेल्या माणसाच्या चालीनं ते उशीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे निघालं होतं.

"ढेकूण!" बायको कुजबुजली. घरात आम्ही दोघंच होतो, तरी कुजबुजली.

"नसेल गं," मीही कुजबुजलो. "दुसरं काहीतरी असेल."

तिनं ते दुसरं काहीतरी कागदात चिरडलं. त्या वासानंतर शंकेला जागा उरली नाही.

एरवी मी ढेकणांचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण आमच्या मुलीला नुकतीच मुलगी झाली होती, आणि बाळानं जरा बाळसं धरलं की ती विश्रांतीला आमच्याकडे येणार होती. बायकोनं झबली-टोपडी विणून कपाटाचा एक अख्खा कप्पा भरला होता. विणकाम तिला येत नाही, त्यामुळे काही टोपड्यांतून डोकं जाणार नव्हतं आणि काहींतून सबंध बाळ गेलं असतं. पण कप्पा भरला होता. रोज संध्याकाळी ती तो उघडून बघायची आणि बंद करायची.

आणि मुलीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. होत्या म्हणजे अजूनही आहेत, फक्त हॉस्पिटल सुटलं आहे. लग्न ठरवायला आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी बोलता बोलता टीपॉयवरून बोट फिरवलं होतं आणि बोटाकडे पाहिलं होतं. पुढे काही बोलल्या नाहीत. लग्न झालं. पण ते बोट आमच्या बायकोच्या मनातून गेलं नाही.

"पोरीला कळता कामा नये," बायको म्हणाली. "आणि विहीणबाईंना तर जन्मात नाही. त्या यायच्या आत सगळं साफ."

माणूस अज्ञानात किती सुखी असतो पाहा. आम्हाला वाटलं, आठवडाभराचं काम आहे.

पहिल्या दिवशी गादी गच्चीवर न्यायची ठरली. डबल बेडची गादी दोन माणसांनी जिन्यानं वर नेणं हा संसारातला कठीण प्रसंग आहे. पुढच्याला मागचा ढकलतोय असं वाटतं, मागच्याला पुढचा थांबलाय असं वाटतं, आणि दोघांनाही समोरचं दिसत नाही. त्या अवस्थेत आम्हाला खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीअर भेटले. सगळी बिल्डिंग त्यांना पाठीमागे सर्वज्ञ म्हणते, आणि मला दाट संशय आहे की त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतं.

"ढेकूण का?" सर्वज्ञांनी विचारलं.

"छे! बाळ यायचंय, म्हणून ऊन दाखवतोय," गादीच्या आतून मी म्हणालो.

"ढेकणाला ऊन दाखवून काही होत नाही. तत्त्व सोपं आहे. पलंगाचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवा. ढेकणाला पोहता येत नाही."

"पण ढेकूण नाहीतच," गादीच्या दुसऱ्या टोकाकडून बायको म्हणाली.

"नाहीत तर उत्तमच. वाडगे मात्र खोल घ्या."

बायकोनं पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले वाडगे काढले. त्या उपायानं एकही ढेकूण बुडाल्याचं आम्ही पाहिलं नाही. मी मात्र रोज सकाळी पलंगावरून उतरताना न चुकता त्यात पाय घालत होतो. त्यातून मला सर्दी झाली. सर्दीसाठी त्याच डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी पुन्हा ताणाबद्दल विचारलं.

मग मी शाळेच्या ग्रंथालयातून विश्वकोशाचा खंड आणला. मी भूगोलाचा शिक्षक आहे. शत्रूचा प्रदेश आणि सवयी समजून घ्याव्यात असं मला प्रामाणिकपणे वाटलं. ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं. ढेकूण महिनोन्‌महिने काही न खाता जगू शकतो, असं त्यात लिहिलं होतं. माझं जेवण तासभर लांबलं तर माझं डोकं धरतं. ही लढाई बरोबरीची नव्हती हे मला त्या पानावरच कळलं. मी खंड मिटला. तिनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "चित्रं चांगली आहेत."

त्यानंतर आम्ही पलंग खोलला. आमच्या लग्नात सुतारानं घरी बसून केलेला पलंग. हलवायला चार माणसं लागायची. स्क्रू काढता काढता माझ्या हाताला फोड आले. उशाकडची फळी सुटली आणि त्या खाचेत आम्हाला त्यांचं मूळ गाव सापडलं. आजोबा, पणजोबा, सुना, लेकुरवाळ्या, अंडी, सगळं कुटुंब एकत्र, गुण्यागोविंदानं. इतके दिवस आम्ही त्यांच्या माथ्यावर झोपत होतो. बायकोनं उकळतं पाणी ओतलं, मी फवाऱ्याचा डबा रिकामा केला, आणि त्या मिश्रणानं फळी फुगली. पलंग पुन्हा जोडायला घेतला तेव्हा फळी खाचेत जाईना आणि दोन स्क्रू कशाचे ते कळेना. त्या दिवसापासून आम्ही जमिनीवर झोपू लागलो. ढेकणांचा चढ-उताराचा त्रास तेवढा वाचला.

मी हे सगळं घरातल्या घरात निभावून नेलं असतं. पण एका सकाळी मी नववीला स्थलांतर शिकवत होतो. माणसं आपलं राहतं ठिकाण का सोडतात, नव्या प्रदेशात कशी रुजतात, हा माझा आवडता धडा. मी बोलत होतो आणि वर्ग स्तब्ध होता. नववीचा वर्ग स्तब्ध बसलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला भरून आलं. आवाज आपोआप गंभीर झाला. "अन्नाच्या शोधात," मी म्हणालो, "हे समूह हळूहळू पुढे सरकत राहिले."

"सर," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "कानामागे गेला."

दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. स्वतः उभ्या राहून, मलाही उभं ठेवून, फार मायेनं म्हणाल्या, "सर, तुमच्या रजा बऱ्याच शिल्लक असतील ना?"

"आहेत. पण परीक्षा जवळ आल्यात, बाई."

"परीक्षेचं आम्ही बघू. तुम्ही विश्रांती घ्या. घरी." 'घरी' या शब्दावर त्यांनी जोर दिला.

मी बाहेर आलो तर शिक्षकांच्या खोलीतली माझी खुर्ची व्हरांड्याच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यापलीकडे ठेवलेली होती. पाठीवर कुणीतरी खडूनं 'सर' असं लिहिलं होतं. माझी आठवण म्हणून नव्हे. दुसरं कुणी चुकून बसू नये म्हणून.

रजेचा पहिला दिवस मी महापालिकेच्या आरोग्य विभागात घालवला. माझी साधी समजूत होती की चावणाऱ्या प्राण्यांसाठी सरकारकडे काहीतरी व्यवस्था असणार. पहिल्या खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "उडतात?"

"नाही."

"मग आमच्याकडे नाही. आमच्याकडे डास. पुढची खिडकी."

पुढच्या खिडकीत विचारलं, "कुरतडतात?"

"कुरतडत नाहीत. चावतात."

"आमच्याकडे उंदीर-घुशी. तिकडे साहेबांना भेटा."

साहेबांनी मला समोर बसायला सांगितलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मी सुखावलो. मग ते म्हणाले, "यानं रोग पसरतो का?"

"तसं काही सिद्ध झालेलं नाही म्हणतात."

"मग तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

मी बाही वर केली. साहेबांनी माझा दंड पाहिला, मग मी बसलो होतो ती गुबगुबीत खुर्ची पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही आधी सांगायचं नाही का हो?" ते अगदी कळवळून म्हणाले. मी निघालो तेव्हा मागे ते शिपायाला खुर्ची बाहेर काढायला सांगत होते. एका आठवड्यात माझ्यामुळे खोलीबाहेर पडलेली ही दुसरी खुर्ची.

आता फवारणीवाला बोलावणं भाग होतं. फोनवर मी त्याला विनवून सांगितलं की जरा गुपचूप या, शेजारीपाजारी आहेत. तो म्हणाला, "सर, काळजीच नको." आणि तो अशी व्हॅन घेऊन आला की तिच्या अंगावर माझ्या उंचीचा ढेकूण रंगवलेला होता, उताणा पडलेला, पाय वर, डोळ्यांच्या जागी फुल्या. व्हॅन त्यानं फाटकासमोर आडवी लावली, पाठीवर टाकी चढवली आणि वर बघून खणखणीत आवाजात विचारलं, "ढेकणांचे सर कुठल्या मजल्यावर राहतात?"

खिडक्या उघडल्या. निरनिराळ्या मजल्यांवरून लोकांनी बोटं दाखवून त्याला माझा पत्ता सांगितला. इतकं सहकार्य आमच्या बिल्डिंगमध्ये मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

फवारून झाल्यावर मी विचारलं, "खात्री आहे ना?"

"औषधाची आहे, सर. ढेकणांची मी कशी देणार?" तो हातमोजे काढत म्हणाला. "आता हे पाइपाच्या कडेनं, वायरींच्या भोकातून वर-खाली सरकतील. तिकडे कुणी फवारलं की परत तुमच्याकडे. सगळ्या बिल्डिंगनं एकदम करून घेतलं तर काहीतरी होईल."

म्हणून मी सोसायटीच्या सभेत उभा राहिलो. माझ्यासारख्या माणसाला चारचौघांत उभं राहून 'माझ्या घरात ढेकूण आहेत' असं म्हणायला काय लागतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर भांडून लोक दमले होते. मी घसा खाकरला आणि बोललो. ते सगळ्यांच्या घरांत असू शकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, एकाच दिवशी सगळ्यांनी फवारून घेऊ, असं मी अगदी समजुतीनं मांडलं.

पहिल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे ढेकूण नाहीत."

मग सगळी सभा एकेक करून तेच म्हणत गेली. शेवटी सर्वज्ञ उठले. "आमच्याकडे ढेकूण नाहीत आणि असूही शकत नाहीत," ते म्हणाले, "कारण मी वाडगे ठेवले आहेत." हे म्हणताना ते उजव्या चपलेनं डावा घोटा खाजवत होते. मी ते सगळ्यांना दाखवणार होतो, पण सेक्रेटरींनी ठराव मांडला: ज्या सभासदांकडे ढेकूण आहेत त्यांनी ते आपापल्या घरातच ठेवावेत. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं, कारण सवयीनं माझाही हात वर गेला.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. "आई, आता येऊ का गं? बाळाला प्रवास चालेल म्हणाले डॉक्टर."

ज्या वाक्याची बायको कित्येक महिने वाट बघत होती ते वाक्य आलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं, थोडं थांब. रंगाचं काम काढलंय."

मी तिच्याकडे बघत राहिलो. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "दुसरं काय सांगणार होते?" मलाही सुचलं नसतं. पण पलीकडून लगेच विहीणबाईंचा निरोप आला. रंग कुठला? वास किती दिवस राहतो? बाळाची खोली रविवारी व्हिडिओवर दाखवा.

दाखवा म्हटल्यावर रंग काढणं आलं. रंगारी तीन आठवड्यांनी येतो म्हणाला, म्हणून मी स्वतः डबा आणला. बायकोनं निवडलेला फिकट दुधी रंग. मी उभ्या आयुष्यात भिंत रंगवली नव्हती, आणि भिंतीकडे बघून ते कळत होतं. कॅमेऱ्यात दिसेल तेवढाच चौकोन मी पूर्ण केला. त्याच्या बाहेर जुनी भिंत तशीच होती. रविवारी मी अंगात इस्त्रीचा सदरा घालून त्या चौकोनाच्या बरोबर मध्ये बसलो.

पडद्यावर आधी बाळ आलं. झोपलेलं, मूठ गालाला लावून. बायको माझ्या खांद्यावरून इतकी वाकली की फोन हलायला लागला. मग बाळ बाजूला झालं आणि विहीणबाई आल्या.

"रंग छान आहे, भाऊ. पण तो मागे डाग कसला?"

"ब्रशचा ठिपका राहिलाय एक. पुसून टाकतो."

विहीणबाई चष्मा सावरून पडद्याच्या जवळ आल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "ठिपका चालतोय."

मी मागे वळून पाहिलं नाही. गरजच नव्हती. पलीकडे मुलीचा आवाज आला, "आई, तू मला खोटं सांगितलंस?" विहीणबाईंनी फोन स्वतःकडे घेतला. त्या रागावल्या नव्हत्या. वॉर्डातल्या नातेवाइकांशी बोलावं तशा म्हणाल्या, "बाळ इतक्यात येणार नाही. कळलं ना?"

बायकोनं कपाटाचा कप्पा उघडला. सगळी झबली-टोपडी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि तोंड घट्ट बांधलं. मग ती जमिनीवरच्या अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून बसली. मी दारात उभा होतो. शेवटी आत गेलो. मी ठिपका मारला आणि भिंतीवर त्याचा लाल डाग पडला. ते रक्त आमच्यापैकीच कुणाचं तरी होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात विहीणबाई. पायात कॅनव्हासचे बूट, हातात रबरी हातमोजे, खांद्याला बॅग.

"सून रोज रडते," त्या आत येत म्हणाल्या. "हे असं चालायचं नाही. सगळं कुठे कुठे आहे, दाखवा."

पुढच्या दिवसांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्यांनी घरातला कपडान्‌कपडा उकळला. माझ्या लोकरी कोटाचा आमच्या नातीला होईल एवढा कोट झाला. माझी पुस्तकं काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून बाल्कनीत टाकली. माझी आरामखुर्ची आणि लग्नातला पलंग मला न विचारता भंगारात गेला आणि दोन लोखंडी खाटा आल्या. बायको त्यांच्यामागे बादली घेऊन फिरत होती. मी काय करू असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही मध्ये येऊ नका." ते काम मी मन लावून केलं.

मग त्या खाली उतरल्या. सर्वज्ञांनी दार उघडलं आणि सुरुवात केली, "आमच्याकडे ढेकूण—"

"बाजूला व्हा," विहीणबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी गादीचं टोक उचललं. मी मागेच होतो. मी जे पाहिलं त्याचं वर्णन शेजारधर्माला धरून होणार नाही. आमच्याकडे गाव होतं, तर त्यांच्याकडे शहर होतं, तेही वाढतं. सर्वज्ञ पलंगाच्या वाडग्यांकडे बघत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापाशी सल्ला नव्हता.

त्यानंतर बिल्डिंग शरण आली. एका दिवशी सगळ्या घरांत फवारणी झाली आणि सगळे सभासद खाली आवारात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर एकमेकांची नजर चुकवत बसले. दुसरी फवारणी होईपर्यंत विहीणबाई आमच्याकडेच राहिल्या. निघताना त्यांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता घर घरासारखं दिसतंय." पंचवीस-तीस वर्षं जिथे संसार केला त्याबद्दल हे ऐकून बायकोनं मान खाली घालून 'हो' म्हटलं. मी त्यांची बॅग उचलली आणि जिना उतरेपर्यंत एक सणसणीत वाक्य तयार केलं, पण टॅक्सी निघून गेली. ते वाक्य मी नंतर रोज दाढी करताना घासूनपुसून ठेवत असे. कधीतरी वेळ येईल म्हणून.

दिवस गेले. दंडावरच्या गाठी बसल्या. मी शाळेत रुजू झालो. खुर्ची आत आली होती, जराशी कोपऱ्यात. मुलीच्या येण्याचा दिवस ठरला. बायकोनं पिशवीची गाठ सोडून झबली पुन्हा कप्प्यात लावली. मग ठरल्या दिवसाच्या बऱ्याच आधी, एका दुपारी, मुलीचा फोन आला. "बाबा, आम्ही निघालोय. आजच पोचतो."

"आज? अचानक काय झालं?"

"आल्यावर सांगते."

टॅक्सी फाटकाशी थांबली तेव्हा बायको चप्पल न घालताच खाली धावली. मुलीच्या कडेवरून बाळ तिनं जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि त्या तिघी वर गेल्या. मी टॅक्सीवाल्याकडून दोन बॅगा उतरवून घेतल्या. मग पाहिलं, पलीकडच्या दारापाशी विहीणबाई उभ्या होत्या. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या.

"भाऊ, जरा इकडे या," त्या म्हणाल्या. तो आवाज मी ओळखलाच नाही. "माझ्या बॅगेतून गेले असणार. मी सगळं बघितलं होतं. कप्पे बघितले, चेन बघितली. पट्ट्याची शिवण बघितली नाही."

मला एकदम कळलं नाही. मग कळलं.

"घरभर झालेत. परवा सकाळी बाळाच्या गालावर..." त्या थांबल्या. "सगळा जन्म मी वॉर्ड सांभाळले, भाऊ. दुसऱ्यांची पोरं सांभाळली. आणि माझ्या घरात, माझ्या नातीला."

माझं वाक्य तयार होतं. शब्दन्‌शब्द तोंडात होता. इतकी सोयीची वेळ देवानं मला पुन्हा दिली नसती. मी म्हणालो, "वर चला. चहा घ्या आधी."

"नको. मी पायरीसुद्धा चढणार नाही. अंगावर एखादा असला तर?" त्यांनी रुमालानं डोळे टिपले, आधी रुमाल उलटसुलट बघून. "बाळाला तेवढं ठेवून घ्या. आमचं आवरलं की नेईन. आवरलं तर."

"आवरेल," मी म्हणालो. मला विश्वकोश आठवत होता, तरी म्हणालो.

टॅक्सी गेली आणि मी त्या दोन बॅगांसमोर उभा राहिलो. जाड कापडाच्या बॅगा. प्रत्येकीला आत-बाहेर कप्पे, कप्प्यांना झालर, झालरीला दुहेरी शिवण. ढेकणांसाठी मुद्दाम बांधून घेतलेले बंगले. वर सर्वज्ञांची खिडकी पट्‌कन बंद झाली. मग तिच्या शेजारची, मग वरची. कुणी काही विचारलं नाही. आमच्या बिल्डिंगला आता बॅगेकडे बघूनच कळतं.

काय करायचं ते मला पाठ होतं. बॅगा बाहेर ठेवायच्या. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधायच्या. आतलं सगळं उकळायचं. त्याआधी उंबऱ्याच्या आत काहीही न्यायचं नाही. मी बॅगा उचलून दारापर्यंत आणल्या आणि आत डोकावलो.

मुलगी एका खाटेवर आडवी होताच झोपून गेली होती. कित्येक दिवसांची जागी असावी. दुसऱ्या खाटेवर बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या डाव्या गालावर ओळीनं तीन लाल ठिपके होते. अंगात बायकोनं विणलेलं झबलं होतं, आणि एक बाही लांबून लोंबत होती. बाळ त्या बाहीकडे एकटक बघत होतं.

"अगं, या बॅगा..." मी म्हणालो.

"हळू. झोपलीय ना ती."

"बाहेर बांधून ठेवतो. तुला माहीत आहे ना त्यांत काय असेल?"

"दुपटी आहेत त्यांत. बाटली आहे, औषध आहे तिचं. आणा आत."

"आत? आत कुठे ठेवू?"

बायकोनं बाळावरची नजर काढली नाही. "सरकवा खाटेखाली," ती म्हणाली. "येता-जाता पायात येतात."

मी गुडघे टेकून बसलो. लहान बॅग सहज गेली. मोठी जाईना, तेव्हा ती आडवी केली आणि दोन्ही हातांनी ढकलली. मग उठलो, हात झटकले, दोन्हीकडून नीट बघून घेतले आणि खाटेच्या कडेला बसलो.

"दे आता इकडे," मी म्हणालो.